शरीरातील इम्प्लांट आणि सूक्ष्मजीव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृत्रिम सांधा, हाडातील प्लेट आणि स्क्रू, पेसमेकर, हृदयाची कृत्रिम झडप, दाताचे इम्प्लांट, हर्नियाची जाळी, लघवीचा कॅथेटर, कॉन्टॅक्ट लेन्स या वस्तूंची कामे वेगवेगळी असली तरी सूक्ष्मजीवांशी त्यांचे नाते बरेचसे एकसारखे असते. रुग्ण, नातेवाईक आणि विद्यार्थी यांच्याकडून या नात्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही माहिती विषय समजून घेण्यासाठी आहे. स्वतःच्या उपचाराचा निर्णय आपल्या शल्यचिकित्सकाशी बोलूनच घ्यावा.

इम्प्लांट निर्जंतुक करूनच बसवतात ना? मग त्यावर जंतू येतात कुठून?

इम्प्लांट पाकिटातून बाहेर निघतो तेव्हा तो खरोखरच निर्जंतुक असतो. गॅमा किरण, इथिलीन ऑक्साइड किंवा वाफ यांपैकी पदार्थाला मानवेल ती पद्धत वापरून त्याचे निर्जंतुकीकरण केलेले असते आणि त्यासाठी पाळला जाणारा निकष असा, की दहा लाख वस्तूंमागे एकीवर जिवंत जंतू राहण्याची शक्यता असेल, त्याहून जास्त नाही. त्यामुळे कारखान्यातून जंतू आले, असे सहसा घडत नाही.

जंतू येतात ते बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरून. शस्त्रक्रियेआधी त्वचा कितीही नीट पुसली तरी केसांच्या मुळांशी आणि तैलग्रंथींत खोलवर बसलेले जिवाणू पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. दुसरी वाट शस्त्रक्रियागृहातील हवेची. माणसांच्या अंगावरून सतत झडणाऱ्या त्वचेच्या सूक्ष्म कपच्यांवर बसून जंतू उघड्या जखमेत उतरतात. सर जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी १९६०च्या दशकात गाळलेल्या हवेची बंदिस्त जागा, शल्यचिकित्सकासाठी सर्वांग झाकणारा पोशाख आणि जखम शिवण्याच्या सुधारलेल्या पद्धती आणल्या आणि दहा वर्षांत संसर्गाचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आणले. यातील किती श्रेय हवेचे आणि किती इतर सुधारणांचे, हा वाद पुढेही चालू राहिला. तरी जंतू जखमेपर्यंत पोहोचूच न देणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, एवढे त्यातून ठसठशीतपणे दिसले.

तिसरी वाट रक्ताची. शस्त्रक्रिया होऊन कित्येक वर्षे लोटल्यावरही त्वचेवरचे गळू, लघवीचा संसर्ग किंवा हिरड्यांचा आजार यांतून जंतू रक्तात शिरतात आणि इम्प्लांटवर जाऊन बसू शकतात.

क्वचित एखादी वाट कोणाच्या स्वप्नातही नसते. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्ताचे तापमान सांभाळण्यासाठी जे पाण्याचे यंत्र वापरतात, त्याच्या टाकीत मायकोबॅक्टेरियम कायमेरा नावाचा जिवाणू वाढत होता आणि यंत्राच्या पंख्यातून सूक्ष्म तुषारांवर बसून शस्त्रक्रियेच्या जागेपर्यंत जात होता, हे गेल्या दशकात अनेक देशांत उघडकीस आले. त्या पाण्याचा रुग्णाच्या रक्ताशी कधीच थेट संबंध येत नाही. तरीही कृत्रिम झडपांवर हा जिवाणू सापडला, आणि आजार कळून येईपर्यंत काही रुग्णांच्या बाबतीत वर्षे उलटली होती.

त्वचेवर तर हे जंतू कायमच असतात. मग इम्प्लांटजवळच ते इतके घातक का ठरतात?

या विषयाचा गाभा याच प्रश्नात आहे. १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकोकस जिवाणू दहा लाखांहून अधिक संख्येने टोचावे लागतात. पण त्याच जागी शिवणीचा एक धागा असेल, तर शेकड्यांत मोजावे एवढेच जंतू पुरतात. एका धाग्याने हा फरक पडतो.

पुढे १९८२ मध्ये त्सिमर्ली आणि सहकाऱ्यांनी गिनिपिगच्या त्वचेखाली लहान पोकळ नळ्या बसवून हीच गोष्ट अधिक नेमकेपणाने दाखवली. नळी असताना अवघे १०० जिवाणू सोडले तरी ९५ टक्के नळ्यांना संसर्ग झाला, आणि नळी नसताना दहा कोटी जिवाणूंनीही गळू झाले नाही. कारण शोधता असे आढळले, की परक्या पृष्ठभागाला भिडलेल्या पांढऱ्या पेशी तो गिळायचा प्रयत्न करतात, तो गिळणे अर्थातच अशक्य असते, आणि या व्यर्थ खटपटीत त्यांच्याजवळचा जंतू मारण्याचा साठा संपून जातो. जंतू आले तेव्हा पहारेकरी हजर असतात, पण त्यांचे भाते रिकामे असतात.

शिवाय इम्प्लांटला रक्तवाहिन्या नाहीत. जिवंत ऊतीत संसर्ग झाला तर रक्त त्या जागी पेशी, प्रतिद्रव्ये आणि औषध घेऊन जाते. धातूच्या तुकड्यात यातले काहीच आतून पोहोचत नाही.

“पृष्ठभागासाठीची शर्यत” हा शब्दप्रयोग वाचनात येतो. त्याचा अर्थ काय?

अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली मांडलेली ही कल्पना आहे. इम्प्लांट शरीरात बसला की त्याच्या मोकळ्या पृष्ठभागावर दोन दावेदार धावतात, एकीकडे रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि दुसरीकडे जिवाणू. पेशी आधी पोहोचून नीट पसरल्या, तर जिवाणूंना बसायला जागा उरत नाही. जिवाणू आधी पोहोचले, तर पेशींना त्यांच्या थरावर पाय रोवता येत नाहीत आणि इम्प्लांट शरीराशी एकजीव होत नाही.

प्रत्यक्षात चित्र इतके सरळ नसते, कारण पेशी आणि जंतू बऱ्याचदा एकाच वेळी, शेजारी शेजारी पृष्ठभाग व्यापतात आणि शर्यतीचा निकाल एका दिवसात लागत नाही. तरीही माझ्या मते ही उपमा आजही उपयोगी आहे. शस्त्रक्रियेआधीची काळजी, चीर देण्यापूर्वी साधारण तासाभराच्या आत दिला जाणारा प्रतिजैविकाचा डोस, टायटॅनियमचा हाड धरून ठेवणारा खरबरीत पृष्ठभाग या सगळ्यांचा हेतू पेशींना थोडी आघाडी मिळवून देणे हाच असतो. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५०च्या दशकात टायटॅनियमशी हाड घट्ट जुळते हे पाहिले आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे दंत-इम्प्लांट बसवले. त्या यशात ही शर्यत पेशींनी जिंकणे गृहीतच आहे.

जंतू धातूला किंवा प्लास्टिकला नेमके चिकटतात कशाने?

खरे पाहता ते नुसत्या धातूला क्वचितच चिकटतात. इम्प्लांटला रक्त लागताच काही क्षणांत त्यावर प्रथिनांचा पातळ थर चढतो. त्यात अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन अशी प्रथिने असतात. जिवाणूला जे भेटते ते हे प्रथिनांचे पांघरूण, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या अंगावर नेमके याच प्रथिनांना पकडणारे, हुकांसारखे रेणू असतात. आपल्या पेशीही फायब्रोनेक्टिनलाच धरतात. म्हणजे पेशींना बसायला सोयीचा पृष्ठभाग तयार करावा, तर तो जंतूंनाही सोयीचा ठरतो. या क्षेत्रात काम करणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण इथेच आहे.

सुरुवातीची पकड सैल असते. जिवाणू पृष्ठभागाजवळ येतो, दुबळ्या भौतिक बलांनी टेकतो, आणि या टप्प्यावर तो धुऊन निघू शकतो. काही तासांत पकड पक्की होते.

बायोफिल्म म्हणजे काय? तो साध्या संसर्गापेक्षा वेगळा कसा?

वाहत्या ओढ्यातला दगड उचलला तर त्यावर बुळबुळीत थर हाताला लागतो. सकाळी दात घासण्यापूर्वी जीभ दातांवरून फिरवली तर तिथेही तसाच थर जाणवतो. हे बायोफिल्म आहेत. जिवाणू पृष्ठभागावर बसले की एकेकटे राहत नाहीत; ते विभागून वसाहत करतात आणि स्वतःभोवती शर्करेच्या लांब साखळ्या, प्रथिने आणि मेलेल्या सोबत्यांचे डीएनए यांचा चिकट लगदा रचतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा एरवी निरुपद्रवी मानला जाणारा त्वचेवरचा जिवाणू इम्प्लांटच्या संसर्गात वारंवार सापडतो, तो या चिकट लगद्याच्या जोरावर. विषारी द्रव्ये बनवण्यात तो तरबेज नाही, तग धरण्यात आहे.

वैद्यकात या थराचे महत्त्व ओळखण्यात बिल कॉस्टरटन यांचा वाटा मोठा. १९८२ साली त्यांच्या गटाने एका रुग्णाच्या पेसमेकरची तार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्या रुग्णाच्या रक्तात प्रतिजैविके देऊनही स्टॅफिलोकोकस पुन्हा पुन्हा सापडत होता. तारेवर लगद्यात गुरफटलेल्या जिवाणूंचा जाड थर होता. रक्तातले जंतू औषधाने मरत होते आणि तारेवरची वसाहत नवे जंतू सोडत होती.

या वसाहतीत संवादही चालतो. जिवाणू लहान रेणू बाहेर सोडतात आणि त्यांची संख्या वाढली की त्या रेणूंचे प्रमाणही वाढते. ठरावीक प्रमाण गाठले की वागणूक बदलते, आणि स्टॅफिलोकोकसच्या बाबतीत त्याचा एक परिणाम असा, की थराचा काही भाग सुटून जंतू नव्या जागेकडे निघतात. रुग्णाला मधूनच ताप येतो आणि उतरतो, त्यामागे अनेकदा असे सुटणे असते.

तपासणीत जंतू औषधाला “संवेदनशील” आहे असे लिहिले होते. तरी औषध का लागू पडले नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात फसवले गेल्याची भावना असते, आणि ती समजण्यासारखी आहे. प्रयोगशाळेतील नेहमीची चाचणी द्रवात मोकळे तरंगणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या जिवाणूंवर होते. तिचा अहवाल त्यांच्यापुरता अगदी खरा असतो. तोच जिवाणू बायोफिल्ममध्ये बसला की त्याला मारायला शंभर ते हजारपट जास्त औषध लागू शकते, आणि तेवढे औषध रक्तात देणे शरीराला झेपणारे नसते.

याची कारणे अनेक आहेत. लगदा काही औषधांचा शिरकाव मंदावतो. थराच्या तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी मिळते, त्यामुळे तिथले जिवाणू जवळजवळ निजलेले असतात, आणि पेनिसिलीनच्या कुळातील औषधे तर वाढणाऱ्या जिवाणूच्याच भिंतीवर घाव घालतात. त्यातही काही मोजक्या पेशी पूर्ण सुप्तावस्थेत जातात. जोसेफ बिगर यांनी १९४४ सालीच पेनिसिलीनमध्ये टिकून राहणाऱ्या अशा पेशींची नोंद केली होती. त्या प्रतिरोधक नसतात, त्यांच्या जनुकांत बदल झालेला नसतो. औषध थांबले की त्या जाग्या होतात आणि त्यांची संतती पुन्हा औषधाला संवेदनशीलच निघते. म्हणूनच दुसऱ्या वेळचा अहवालही पहिल्यासारखाच येतो.

हाडाच्या बाबतीत आणखी एक दडण आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियसचा व्यास साधारण एक मायक्रॉन असतो, पण हाडातील त्याहून अरुंद सूक्ष्म नलिकांत तो आकार बदलून शिरतो, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत स्पष्ट दिसले. तिथे पांढऱ्या पेशी पोहोचूच शकत नाहीत.

कोणत्या इम्प्लांटवर कोणते जंतू सापडतात?

कृत्रिम सांधे, प्लेट, पेसमेकर आणि झडपा यांवर प्रामुख्याने स्टॅफिलोकोकसच्या जाती. खांद्याच्या सांध्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा मुरुमांशी जोडला जाणारा, अगदी सावकाश वाढणारा जिवाणू. लघवीच्या कॅथेटरवर ई. कोलाय, प्रोटियस, स्युडोमोनास, एन्टरोकोकस. दंत-इम्प्लांटभोवती प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंची मिश्र वसाहत. कॉन्टॅक्ट लेन्सवर स्युडोमोनास, कधी बुरशी आणि कधी अकँथामिबा हा अमिबा, जो नळाच्या पाण्यातही असतो. लेन्स किंवा तिची डबी नळाच्या पाण्याने धुऊ नये असे सांगतात, त्याचे हे एक ठोस कारण आहे.

एखादा पदार्थ असा आहे का, ज्यावर जंतू बसतच नाहीत?

नाही. टायटॅनियम, स्टील, कोबाल्ट-क्रोम, सिलिकोन, पॉलिएथिलीन, सिरॅमिक यांपैकी प्रत्येकावर बायोफिल्म वाढताना पाहिला गेला आहे. फरक आहेत, पण ते कमी-अधिकपणाचे. खडबडीत आणि छिद्रयुक्त पृष्ठभागावर जंतूंना आडोसा मिळतो, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर हाड धरत नाही. अनेक धाग्यांच्या पिळाच्या शिवणीत जंतू धाग्यांच्या फटींत लपतात, एकाच सलग धाग्याच्या शिवणीत त्यांना तशी जागा मिळत नाही.

लघवीचा कॅथेटर वारंवार तुंबतो. त्यामागेही सूक्ष्मजीव असतात का?

बऱ्याचदा असतात. कॅथेटर आत राहिला की दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जिवाणू दिसू लागतात, म्हणजे महिन्याभरात जवळजवळ सर्वांच्या. त्यांत प्रोटियस मिराबिलिस असेल, तर एक विशेष गोष्ट घडते. त्याच्याकडे युरियाचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) असते. युरियापासून अमोनिया तयार होतो, लघवीचा सामू वाढतो, ती आम्लधर्मी न राहता अल्कधर्मी होते, आणि एरवी विरघळलेले राहणारे मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे फॉस्फेट स्फटिकरूपाने बाहेर पडतात. हे स्फटिक बायोफिल्ममध्येच अडकतात.

असा तुंबलेला कॅथेटर लांबीत चिरून पाहिला, तर आतली पोकळी किटलीत साठणाऱ्या क्षारांसारख्या मळकट पांढऱ्या, खरखरीत थराने भरलेली दिसते. टोकाजवळच्या छिद्रापाशी तर सुईही सरकत नाही. हे पाहिल्यावर धुण्याने किंवा नुसत्या औषधाने मार्ग का मोकळा होत नाही, हे वेगळे समजावावे लागत नाही. कॅथेटर बदलावा लागतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची खरेच गरज आहे का, हे रोज तपासावे लागते. गरज संपताच काढलेला कॅथेटर हा कोणत्याही लेपापेक्षा चांगला प्रतिबंध आहे.

लघवीत जिवाणू दिसले म्हणजे उपचार हवेतच असे मात्र नाही. ताप, वेदना अशी लक्षणे नसताना केवळ अहवालावरून प्रतिजैविक देत राहिले, तर बहुतेक वेळा त्यातून प्रतिरोधक जंतूच निवडले जातात.

सूक्ष्मजीव इम्प्लांटचा पदार्थच खराब करू शकतात का?

काही ठिकाणी होय. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांना बोलता यावे म्हणून श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवली जाणारी सिलिकोनची छोटी झडप. ती कायम ओलसर, उबदार, अन्न आणि लाळ लागणाऱ्या जागी असते. तिच्यावर कँडिडा बुरशी आणि जिवाणू मिळून थर करतात आणि बुरशीचे तंतू सिलिकोनच्या आत शिरतात. झडपेची पाकळी मग नीट मिटत नाही, पाणी पिताना ठसका लागतो, आणि काही महिन्यांत झडप बदलावी लागते.

धातूंच्या बाबतीत परिणाम सावकाश होतो. दंत-इम्प्लांटभोवतीचे जिवाणू आम्ल तयार करतात आणि टायटॅनियमवरील संरक्षक ऑक्साइडचा थर त्यामुळे दुबळा होऊ शकतो.

संसर्ग झाला आहे हे कसे ओळखावे? तो किती काळाने होऊ शकतो?

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत जखम लाल होणे, गरम लागणे, पाझरत राहणे, ताप येणे ही लक्षणे ओळखायला सोपी असतात. जखम बंद होऊन पुन्हा पाझरू लागली, तर तो पाझर किरकोळ समजून घरी मलमपट्टी करत बसू नये.

उशिरा होणारा संसर्ग मात्र गप्प असतो. ताप नसतो, सूज नसते. सांधा “तसा ठीक आहे, पण दुखायचा कधी थांबलाच नाही” एवढीच तक्रार असते, आणि वर्ष-दोन वर्षांनी इम्प्लांट सैल झाल्याचे क्ष-किरण चित्रात दिसते. त्वचेवर एखादे छिद्र पडून त्यातून सांध्यापर्यंत जाणारी पुवाची वाट तयार झाली असेल, तर संसर्ग आहे असेच धरून चालतात. खुबा आणि गुडघ्याच्या पहिल्या सांधेरोपणानंतर संसर्गाचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असते; दुसऱ्यांदा केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ते वाढते.

डॉक्टर प्रतिजैविक लगेच सुरू न करता आधी सांध्यातील पाणी काढायचे म्हणतात. हा उशीर कशासाठी?

कारण जंतू कोणता आहे हे कळल्याशिवाय पुढचे आठवडे कोणते औषध द्यायचे हे ठरत नाही, आणि अंदाजाने दिलेल्या दोन-चार गोळ्यांनी जंतू मरत नाही, तो फक्त तपासणीत दिसेनासा होतो. मला या विषयात सर्वांत कळकळीने काही सांगायचे असेल तर ते हेच आहे. रुग्णाची प्रकृती गंभीर नसेल, तर नमुना घेण्याआधी साधारण दोन आठवडे प्रतिजैविके बंद ठेवण्याचीही पद्धत आहे. रक्तात संसर्ग पसरल्याची चिन्हे असतील तेव्हा अर्थातच थांबता येत नाही.

नमुनेही एक नव्हे, अनेक लागतात. त्वचेवरचाच जिवाणू एका नमुन्यात आला, तर तो बाहेरून मिसळला असेल. वेगवेगळ्या जागच्या दोन किंवा अधिक नमुन्यांत तोच आला, तर त्याला महत्त्व येते. क्युटिबॅक्टेरियमसाठी संवर्धन, म्हणजे नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, दोन आठवड्यांपर्यंत चालू ठेवावे लागते.

इम्प्लांट काढला असेल तर तो टाकून देऊ नये, तपासणीला पाठवावा. प्रयोगशाळेत तो निर्जंतुक डब्यात द्रवात बुडवून श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या टाकीत काही मिनिटे ठेवतात. काढलेला स्क्रू डोळ्यांना स्वच्छ चकचकीत दिसत असतो. लहरी सुरू झाल्यावर त्याच्या आट्यांमधून थर सुटतो, आणि तो द्रव ताटलीवर पसरला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपक्या-ठिपक्यांनी वसाहती उगवतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने सुमारे ७९ टक्के संसर्ग ओळखता आले, तर नेहमीच्या ऊतींच्या संवर्धनाने सुमारे ६१ टक्के.

संसर्ग झाला म्हणजे इम्प्लांट काढावाच लागतो का?

नेहमी नाही, पण ते वेळेवर अवलंबून असते. संसर्ग ताजा असेल, लक्षणे सुरू होऊन साधारण तीन आठवड्यांहून कमी काळ झाला असेल, इम्प्लांट घट्ट बसलेला असेल आणि जंतूवर चालणारे औषध उपलब्ध असेल, तर सांधा उघडून मेलेली ऊती काढणे, भरपूर धुणे, बदलता येणारे प्लास्टिकचे भाग बदलणे आणि मग प्रतिजैविके देणे, असा मार्ग घेता येतो. थर जुना झाल्यावर हा मार्ग सहसा फसतो. त्यामुळेच लक्षणे दिसल्यावर वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.

स्टॅफिलोकोकसच्या अशा संसर्गात रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाला विशेष स्थान आहे, कारण ते बायोफिल्ममधील मंद जिवाणूंवरही काम करते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण फार महत्त्वाच्या चाचणीत, उपचार पूर्ण केलेल्यांपैकी रिफॅम्पिसिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन मिळालेले १२ पैकी १२ रुग्ण बरे झाले, तर नुसते सिप्रोफ्लॉक्सॅसिन मिळालेल्या १२ पैकी ७. मात्र रिफॅम्पिसिन एकटे कधीही देत नाहीत, कारण जिवाणू त्याला फार झपाट्याने प्रतिरोधक होतात.

संसर्ग जुना असेल तर इम्प्लांट बदलावा लागतो. काही ठिकाणी जुना काढून नवा त्याच शस्त्रक्रियेत बसवतात, काही ठिकाणी मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवून तोवर प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवतात. हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची कल्पना हॅम्बुर्गमधील बुखहोल्त्स यांनी १९७०च्या सुमारास रुजवली. पेसमेकरचा कप्पा किंवा तार संसर्गित असेल, तर मात्र यंत्र आणि तारा सर्व काढणे हाच मान्य उपचार आहे.

प्रतिजैविके शिरेतूनच घ्यावी लागतात का, आणि किती दिवस?

हाडे आणि सांध्यांच्या संसर्गात पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतील औषधाइतक्याच परिणामकारक ठरतात, हे २०१९ साली हजाराहून अधिक रुग्णांवरील चाचणीत दिसले. कालावधीच्या बाबतीत मात्र घाई चालत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कृत्रिम सांध्याच्या संसर्गासाठी ६ आठवडे आणि १२ आठवडे यांची तुलना झाली, आणि ६ आठवड्यांच्या गटात संसर्ग टिकून राहण्याचे प्रमाण जास्त आढळले. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत, यामागे असा पुरावा आहे.

चांदीचा किंवा औषधाचा लेप दिलेले इम्प्लांट घ्यावेत का?

लेपांविषयी सरसकट बोलता येत नाही. पेसमेकरभोवती गुंडाळण्याच्या, मिनोसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन असलेल्या विरघळणाऱ्या जाळीने मोठ्या संसर्गाचे प्रमाण वर्षभरात १.२ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आल्याचे २०१९ च्या सुमारे सात हजार रुग्णांवरील चाचणीत दिसले. याउलट, थोड्या दिवसांसाठी घातल्या जाणाऱ्या लघवीच्या कॅथेटरवर चांदीचा लेप दिल्याने लक्षणे असलेला संसर्ग कमी होत नाही, असे २०१२ च्या मोठ्या चाचणीत आढळले. कृत्रिम झडपेच्या शिवणीच्या कड्याला चांदीचा लेप देण्याचा प्रयत्न तर अंगाशी आला. झडपेच्या कडेने रक्त गळण्याचे प्रमाण वाढले आणि २००० साली ती झडप बाजारातून मागे घ्यावी लागली. जंतूंना नकोसा असलेला पृष्ठभाग आपल्या पेशींनाही नकोसा असू शकतो.

औषधाविना केवळ रचनेने जंतू मारण्याचे प्रयत्नही चालू आहेत. रातकिड्यासारखा आवाज करणाऱ्या सिकाडा कीटकाच्या पंखावर अतिसूक्ष्म सुळक्यांची दाटी असते आणि तीवर बसलेल्या स्युडोमोनासचे आवरण ताणले जाऊन फाटते, हे २०१२ साली दाखवले गेले. टायटॅनियमवर असे सुळके कोरता येतात, पण शरीरात त्यांवर प्रथिनांचा थर आणि मेलेल्या जंतूंचा खच साचल्यावर ते किती काळ काम करतील, यावर सारे अवलंबून आहे.

रुग्ण म्हणून मी काय करावे? दात काढताना दरवेळी प्रतिजैविक घ्यावे का?

नियोजित शस्त्रक्रियेआधी रक्तातील साखर आटोक्यात आणणे, धूम्रपान थांबवणे, त्वचेवरची जखम, दातांचा आणि लघवीचा संसर्ग आधी बरा करून घेणे यांचा उपयोग होतो. चीर द्यायच्या भागावर घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत; त्याने पडणारे सूक्ष्म ओरखडे जंतूंना आयतेच मिळतात. काही रुग्णालये नाकातील स्टॅफिलोकोकस ऑरियसची तपासणी करतात. तो नाकात बाळगणाऱ्यांना म्युपिरोसिनचे मलम आणि क्लोरहेक्सिडिनची अंघोळ दिल्याने त्या जंतूचा रुग्णालयातील संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले आहे.

दातांच्या बाबतीत इम्प्लांट कोणता, हे महत्त्वाचे. हृदयात कृत्रिम झडप असेल, तर हिरड्यांना धक्का लागणाऱ्या उपचाराआधी प्रतिजैविकाचा एक डोस घेण्याची शिफारस आहे. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, तर सर्वसाधारणपणे त्याची गरज मानली जात नाही. दोघांनाही हिरड्या निरोगी ठेवणे मात्र सारखेच आवश्यक आहे, कारण आजारी हिरड्यांतून रोजच्या चावण्यातही जंतू रक्तात जातात.

सूक्ष्मजीवांचा जैवपदार्थांना काही उपयोगही होतो का?

होतो, आणि हा भाग फारसा कोणाला माहीत नसतो याचे वाईट वाटते. व्हिनेगरच्या भांड्यावर जी चिवट साय धरते, ती जिवाणूंनी विणलेल्या शुद्ध सेल्युलोजची असते. १८८६ साली ए. जे. ब्राउन यांनी तिचे वर्णन केले. हेच सेल्युलोज आज भाजलेल्या आणि चिघळलेल्या जखमांवर ओलसर पट्टी म्हणून वापरतात.

निरुपद्रवी जिवाणूंना जागा देऊन घातक जिवाणूंना रोखण्याचेही प्रयोग झाले आहेत. ई. कोलायचा ८३९७२ हा एक सौम्य वाण मूत्राशयात किंवा कॅथेटरवर मुद्दाम वाढवून, मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांमध्ये संसर्ग कमी होतो का, हे तपासले गेले.

काही जिवाणू अन्नाचा साठा पॉलिस्टरच्या कणांच्या रूपात करतात, हे मॉरिस लमोइन्य यांनी १९२०च्या दशकात दाखवले. त्याच कुळातील पॉली-४-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा पदार्थ जनुकीय बदल केलेल्या ई. कोलायकडून बनवून घेतात आणि त्याचे विरघळणारे धागे आणि हर्नियाच्या जाळ्या तयार करतात. जाळी साधारण वर्ष ते दीड वर्षात शरीरात विरून जाते. बनवण्यात सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती शुद्धीकरणाची, कारण ज्या जिवाणूने पदार्थ बनवला, त्याच्याच भिंतीतील विषद्रव्याचा अंश धाग्याला चिकटून राहिला, तर जिवंत जंतू एकही नसताना जखमेला सूज येते.